खुर्चीला नाव कळत नाही

२०३६ सालच्या फेब्रुवारीत वृंदा ढमढेरेकडे एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं काम आलं. प्रश्न साधा होता: 'मोकळी जागा' योजना चालली की नाही?

कंपनी गावोगावच्या नळयोजनांचे आराखडे करायची. माणसं साडेतीनशेच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी कंपनीने बाणेरच्या कार्यालयातली ठरलेली टेबलं काढून टाकली होती. ज्याने त्याने सकाळी फोनवर त्या दिवसापुरती जागा निवडायची आणि संध्याकाळी ती रिकामी करून जायचं. शिवाय वाई आणि चिपळूणला एकेक छोटं केंद्र उघडलं आणि वर्षभराने संगमनेरलाही. ज्याचं घर तिकडे असेल त्याने तिथे बसून काम करावं, आठवड्यातून एखाद-दोन दिवस पुण्यात यावं. आता संचालकांना ठरवायचं होतं, बाणेरचे तीनही मजले ठेवायचे की एकच, आणि केंद्रं चालू ठेवायची की नाहीत. अहवाल वीस मार्चला हवा होता.

वृंदा चाळिशीला आलेली, संख्याशास्त्र शिकलेली, कंपनीत चौदा वर्षं झालेली. ही योजना आली तेव्हा मोजमाप कसं करायचं हेही तिनेच ठरवलं होतं. लोकांना नुसतं विचारलं तर ते समोरच्याला बरं वाटेल असं सांगतात, हा तिचा अनुभव. म्हणून तिने खुर्च्यांना विचारायचं ठरवलं.

प्रत्येक खुर्चीच्या गादीखाली पापडाएवढ्या जाडीची एक पट्टी बसवली होती. हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त वरच्या दिशेला फेकलं जातं आणि त्याच्या उलट धक्क्याने सगळं शरीर खाली दबतं. बंदूक उडाली की खांद्याला धक्का बसतो, तसंच, फक्त फार नाजूक. बसलेल्याला तो जाणवत नाही. पट्टीला जाणवतो. मिनिटाला सत्तर वेळा बसणाऱ्या या धक्क्यांवरून ठोके मोजता येतात, छातीच्या हालचालीवरून श्वास मोजता येतो, आणि दोन्ही मिळून माणूस किती ताणलेला आहे याचा अंदाज करता येतो. स्वस्थ माणसाचे ठोके घड्याळासारखे नसतात. श्वास आत घेताना ते थोडे जवळ येतात, सोडताना थोडे लांबतात. ताण वाढला की ही हलकी लय हरवते आणि ठोके एका ठेक्यात पडू लागतात.

आता माणूस रोज वेगळ्या खुर्चीवर बसणार, तर तो तोच आहे हे कसं ओळखायचं? त्याचंही उत्तर त्या धक्क्यातच होतं. प्रत्येकाच्या शरीराचा दबण्याचा आकार वेगळा असतो, सहीसारखा. यंत्र तो आकार ओळखून त्याला एक क्रमांक द्यायचं आणि मग तो क्रमांक कुठल्याही केंद्रातल्या कुठल्याही खुर्चीवर सापडायचा. क्रमांकासमोर नाव मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती अट वृंदानेच घातली होती.

सुरुवातीच्या सभेत हे सगळं तिने समजावून सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून रत्नाकर लाड उठून उभे राहिले होते. लाड आराखडे विभागातले सर्वांत जुने. वृंदा नवीन होती तेव्हा नळाचा दाब, उतार, गळती हे सगळं तिला त्यांनीच शिकवलेलं. ते म्हणाले होते, "वृंदा, एकच सांग. खुर्चीला माझं नाव कळणार का?"

"नाही सर. खुर्चीला नाव कळत नाही."

"तू म्हणतेस ना, मग झालं," असं म्हणून त्यांनी पहिली सही केली. त्यांच्या मागे बाकीच्यांनी केल्या.

दोन वर्षांची माहिती उघडून बसल्यावर वृंदाला पहिले आठ दिवस मजा आली. बाणेरला सकाळचा पहिला तास लोकांचा ताणात जात होता, आणि जागा शोधण्यापेक्षा शेजारी कोण येईल याचा तो ताण होता. काही जणांनी नियम मोडून रोज तीच खुर्ची पकडली होती आणि ते सर्वांत स्वस्थ होते. केंद्रांवरची माणसं दुपारी तीन वाजता जेवढी ताजी असत, तेवढी पुण्यातली सकाळी अकरालाही नसत. नऊ माणसांचं संगमनेर तर सगळ्यांत वर होतं. केंद्रं टिकवावीत असं म्हणायला तिच्याकडे प्रथमच भक्कम आधार होता.

नवव्या दिवशी तिला दोनशे चौदा क्रमांक दिसला.

त्याच्या ठोक्यांत ताणातला एकसुरी ठेकाही नव्हता आणि स्वस्थ माणसाची लयही नव्हती. दोन ठोके चिकटून, मग लांब खंड, मग तीन घाईघाईने, मग एक जवळजवळ हरवलेला. तिला आधी पट्टी बिघडली असं वाटलं. पण त्याच खुर्च्यांवर दुसरं कुणी बसलं की आलेख नीट यायचा. दोनशे चौदा वाईला बसला तरी तसाच, बाणेरला बसला तरी तसाच. मागे जाऊन पाहिलं तर नोव्हेंबरात हे एखाद-दोन मिनिटं व्हायचं. डिसेंबरात अर्धा अर्धा तास. आता तीन-तीन तास.

कॉलेजातला तिचा एक मित्र हृदयरोगाचा डॉक्टर होता, इनामदार. तिने नाव-गाव न सांगता त्याला आलेख पाठवला. त्याचा अर्ध्या तासात फोन आला. खुर्चीवरून निदान करता येत नाही, हे त्याने आधी बजावून सांगितलं. मग म्हणाला, की असा माणूस त्याच्यासमोर आला तर तो त्याला ईसीजी काढल्याशिवाय घरी पाठवणार नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत असावेत. तिथे रक्त साचतं, साचलं की गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं पडतं किंवा माणूस जातो. पुष्कळांना आधी काहीच जाणवत नाही. औषध साधं आहे, पण वेळेवर सुरू व्हायला हवं.

वृंदा प्रशासन प्रमुख जयेंद्र मोहित्यांकडे गेली. मोहिते सरळ माणूस होते. त्यांनी नियमांचा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. कुणाचीही ओळख शोधायची नाही, खाली सही वृंदाचीच. दोघांनी विचार करून सगळ्यांना एक सूचना पाठवली: कंपनीच्या वतीने हृदयाची तपासणी ठेवली आहे, बाणेरला आणि तिन्ही केंद्रांच्या गावी, प्रत्येकाने आठवड्याच्या आत करून घ्यावी. वृंदाने खाली 'अत्यंत आवश्यक' असं दोनदा लिहिलं. त्यापेक्षा जास्त लिहिलं असतं तर साडेतीनशे माणसं घाबरली असती.

एकतीस जण तपासून आले. बहुतेक तिशीतले, व्यायामशाळेत जाणारे. पुढच्या सोमवारी दोनशे चौदा वाईच्या केंद्रात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला होता आणि त्याचे ठोके तसेच अडखळत होते.

तेव्हा वृंदाने जागा नोंदवण्याची यादी उघडली. ती यादी वेगळ्या ठिकाणी होती, वेगळ्या कामासाठी होती आणि तिच्यात नावं होती. दोनशे चौदा बुधवारी आणि शुक्रवारी बाणेरला असायचा, इतर दिवशी वाईला. सप्टेंबरात दहा दिवस तो कुठेच नव्हता. तिने हे दिवस यादीवर ठेवून पाहिले. सगळ्या कंपनीत ते एकाच माणसाला जुळले.

दोन वर्षं ती लोकांना सांगत आली होती की हे करता येत नाही. करायला चार मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे त्याचा वाईचा दिवस. वृंदा सकाळीच गाडी काढून वाईला गेली. रत्नाकर लाड तिला पाहून खूश झाले. केंद्र बघायला आली असेल असं त्यांना वाटलं. त्यांची बायको तिथल्या शाळेत शिकवायची, म्हणूनच ते योजनेत सगळ्यांत आधी वाईला आले होते. त्यांनी चहा मागवला, चिपळूणच्या नव्या योजनेचा नकाशा दाखवला. वृंदा म्हणाली, जरा बाहेर बोलू या. दोघं घाटावर जाऊन पायऱ्यांवर बसले.

तिने काहीही न लपवता सांगितलं. आलेख, इनामदारचं म्हणणं, सूचना, मग यादी. आजच ईसीजी काढायला हवा, मी गावातल्या दवाखान्यात सांगून ठेवलं आहे, असंही सांगितलं.

लाडांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे खुर्चीला नाव कळतं," ते म्हणाले.

"मला कळलं सर. मी शोधलं."

"आणखी काय काय दिसलं माझं?"

तिला नाही म्हणता आलं असतं. "सप्टेंबरनंतर महिनाभर तुम्ही सहा वाजल्यावरही बसलेले दिसता. आठपर्यंत. श्वास फार वरखाली होता."

"तू सहामाही अहवालात ते लिहिलं होतंस. वाचलं मी. 'एक कर्मचारी कामाशिवाय केंद्राचा वापर करतो, दिवे-पंखे विनाकारण चालू राहतात.' तो मीच, हे तुला माहीत नव्हतं. मला होतं." ते सावकाश बोलत होते. "धाकटा भाऊ गेला तेव्हाची गोष्ट. त्याची बायको-मुलं आमच्याकडे आली होती. घरात मी धीर देणारा. रडायला दुसरी जागा नव्हती गं."

ते वाक्य वृंदाने अगदी सहज लिहिलं होतं. पान भरायला हवं होतं म्हणून.

लाड उठले. दवाखाना कुठला, एवढंच त्यांनी विचारलं. ती बरोबर यायला निघाली तेव्हा हाताने नको म्हणाले आणि बायकोला फोन लावला.

इनामदारचा अंदाज बरोबर निघाला. दुपारी ईसीजी झाला, दुसऱ्या दिवशी पुण्यात बाकीच्या तपासण्या झाल्या, त्याच दिवशी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन महिने असेच गेले असते तर काय झालं असतं, सांगता आलं नसतं. हे वृंदाला लाडांच्या बायकोने कळवलं. लाडांचा स्वतःचा फोन आला नाही.

अहवालाला आता अठरा दिवस राहिले होते. वृंदाने मोहित्यांना जे केलं ते सांगितलं, फक्त नाव सांगितलं नाही. मोहिते चिडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. एक माणूस वाचला, मग उद्या आणखी वाचतील. नावं लपवायचीच कशाला? सगळ्यांचे क्रमांक नावांना जोडावेत, एखाद्या रुग्णालयाशी करार करावा, खुर्चीच सांगेल कुणाला काय होतंय. योजनेला याहून चांगली जाहिरात काय असणार? ते मनापासून बोलत होते आणि वृंदाला त्यांचं म्हणणं पूर्ण चूक वाटत नव्हतं.

"लोकांनी यासाठी सही केलेली नाही," ती म्हणाली.

"मग परत घेऊ."

"आधी त्यांना सांगावं लागेल की पहिली सही खोट्यावर घेतली होती. आणि तोवर ही माहिती मला वापरता येणार नाही."

"अहवालातही?"

"अहवालातही."

मोहित्यांनी तिला आठवण करून दिली, की केंद्रं टिकवायची असं म्हणणारा जवळजवळ सगळा पुरावा त्याच माहितीत होता. ती हो म्हणाली. मग त्यांनीही फार ताणलं नाही. सगळ्या माहितीला कुलूप घालायचं आणि एकतीस मार्चला ती पुसून टाकायची, असं दोघांत ठरलं.

सभा पडद्यावरून झाली, चारही ठिकाणची माणसं हजर होती. वृंदाने सांगितलं की नाव कळत नाही हे तिचं म्हणणं चुकीचं होतं, आणि ते कसं कळतं हेही सांगितलं. कुणी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी बाणेरला गेली तर अनेक खुर्च्यांवर जाड उशा दिसल्या. एकाने घरून लाकडी पाट आणला होता. जेवणाच्या टेबलावर ती बसली की लोक गप्प व्हायचे.

चौथ्या दिवशी लाडांनी सगळ्यांना चार ओळी पाठवल्या. ज्याचा आजार कळला तो मी. खुर्ची नसती तर कदाचित मी हे लिहायला नसतो, त्याबद्दल उपकार मानतो. पण माझं दुखणं आणि माझं दुःख कंपनीच्या कपाटात राहावं असं मला वाटत नाही. माझे आलेख माझ्या डॉक्टरांना द्यावेत आणि मग पट्ट्या काढाव्यात.

पट्ट्या काढल्या. अहवाल वृंदाने उरलेल्या गोष्टींवर लिहिला: आराखड्यांत निघालेल्या चुका, कामाला लागलेले दिवस, सोडून गेलेली माणसं, आणि प्रत्यक्ष विचारून मिळालेली उत्तरं. बाणेरचे दोन मजले सोडावेत. वाई आणि चिपळूण चालू ठेवावीत, दोन वर्षांचे आकडे तेवढं म्हणायला पुरे आहेत. संगमनेरला मात्र अकराच महिने झाले होते आणि माणसं नऊ. एवढ्या थोड्या कामावरून काहीच ठामपणे म्हणता येत नव्हतं. तिने तसं लिहिलं. संचालकांनी पंचवीस तारखेला संगमनेर बंद करायचं ठरवलं.

ते पत्राने कळवता आलं असतं. वृंदा स्वतः गेली.

केंद्र बसस्थानकाजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. शबाना तांबोळी ते सांभाळायची, बत्तीस वर्षांची, टाक्यांच्या रचनेत हुशार. तिच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. सकाळी त्यांना सोडून ती कामावर यायची आणि दुपारी मधल्या सुटीत परत आणायची. पुण्यात राहून हे जमणार नव्हतं. राजीनाम्याचा मजकूर तिने लिहूनही ठेवला होता.

तिने वृंदाला सरळ विचारलं, "मॅडम, आमचे आकडे चांगले होते ना? तुम्हीच मागे म्हणाला होता."

"सगळ्यांत चांगले होते."

"मग ते दाखवले का नाहीत?"

वृंदाने कारण सांगितलं. सही कशासाठी होती, वचन काय होतं, ते कसं मोडलं. हे सगळं ती गेला महिनाभर इतक्यांदा बोलली होती की वाक्यं तयारच होती. शबानाने मध्ये तोडलं नाही. बाकीचे आठ जणही आपापल्या जागेवरून ऐकत होते.

"तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलंत, कळतंय मला," शबाना म्हणाली. "पण मॅडम, मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. माझं नाव कळलं तरी चाललं असतं. तुम्ही पहिल्यांदाही आमच्या वतीने ठरवलंत आणि आताही."

वेळ कमी होता, सगळे चिडलेले होते, हे खरं असलं तरी कारण ते नव्हतं. विचारावं हे वृंदाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःचे हात स्वच्छ करायची घाई झाली होती.

"अजून चार दिवस आहेत," ती शेवटी म्हणाली. "एकतीसला पुसणार आहेत."

"मग आता विचारा."

वृंदाने तिथल्याच टेबलावर बसून हाताने एक पान लिहिलं. तुमच्या ठोक्यांवरून तुमचं नाव शोधता येतं. तुमचा आजार, थकवा, तुम्ही कधी अस्वस्थ होतात, हे दिसू शकतं. ही माहिती फक्त या केंद्राबद्दलच्या एका पुरवणी अहवालासाठी वापरली जाईल आणि त्यानंतर पुसली जाईल. पुसली गेल्याचं मी तुमच्यासमोर दाखवीन. सही न करणाऱ्याला कारण द्यावं लागणार नाही. ते तिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि सह्या एकमेकांच्या नजरेसमोर नकोत म्हणून प्रत्येकाला वेगळा कागद दिला. मग चहा प्यायला खाली जाऊन अर्ध्या तासाने वर आली.

सात कागदांवर सह्या होत्या. दोन कोरे होते.

सात जणांचे मिळून आठ हजारांहून जास्त तास भरत होते. तेवढे पुरेसे होते. मोहित्यांनी कुलूप उघडायला परवानगी दिली, आणि सह्या केलेल्या सातांचेच क्रमांक यादीशी जुळवून वृंदाने उरलेल्या दोघांची माहिती न उघडताच काढून टाकली. तीस तारखेला तिने सहा पानांची पुरवणी दिली. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की ही सात माणसांची माहिती आहे, नवांची नाही, आणि ती त्यांनी सगळं समजून दिली आहे. एकतीसला दुपारी ती पुन्हा संगमनेरला गेली आणि नऊ जणांना पडद्यासमोर बसवून तिने सगळं पुसलं.

संचालकांनी केंद्राला एक वर्ष वाढवून दिलं. शबानाने राजीनाम्याचा कागद फाडला नाही, खणात ठेवून दिला. वर्ष काही फार मोठं नसतं, असं ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना सोडून वेळेवर कामावर आली, आणि तिच्या मागून बाकीचे आठही आले.

त्यातल्या दोघांनी सही का केली नव्हती, हे वृंदाने कधीच विचारलं नाही.